घसारा सीएचा नव्हे, मालकाचा

साकीनाक्याला किंवा मरोळला एखाद्या गाळेवाल्याकडे घसाऱ्याचा तक्ता मागा. बहुतेक वेळा उत्तर येते, "ते आमचे सीए बघतात." मार्चअखेरीस दोन-चार आकडे भरायचे, कर थोडा वाचवायचा आणि फाइल मिटायची, एवढीच घसाऱ्याची इज्जत.

म्हणे, घसारा हा कागदावरचा खर्च. खिशातून काही जात नाही. अहो, खिशातून आधीच गेलेले असते! 20 लाखांचे सीएनसी लेथ गाळ्यात आले, तेव्हाच पुढच्या कित्येक वर्षांचा खर्च करून झाला. तो त्या वर्षांवर वाटायचा की विसरून जायचा, एवढेच मालकाच्या हातात उरते. विसरणारा वीज, पगार, भाडे धरून जॉबवर्कचा दर सांगतो, ऑर्डर पटकावतो आणि मशीन झिजवून आलेल्या पैशाला नफा समजतो.

"हप्ता मोजतोच की," असेही सांगितले जाते. हप्त्यातले व्याज हा खर्च. मुद्दल ही उसन्या पैशांची परतफेड. शिवाय हप्त्याची मुदत बँक ठरवते, मशीनची झीज नव्हे. हप्ते फिटले म्हणून दर उतरवणारा पुढच्या मशीनसाठी पुन्हा रिकाम्या हाताने बँकेच्या दारात उभा राहतो.

सर्वांत महागात पडतो तो सरकारी दरावरचा भरवसा. प्राप्तिकराच्या नियमांत सर्वसाधारण यंत्रांना 15 टक्के, फर्निचरला 10 आणि संगणकाला 40 टक्के घसारा मिळतो, तोही दरवर्षी उरलेल्या किमतीवर. आपल्या लेथला पहिल्या वर्षी 3 लाख, दुसऱ्या वर्षी 2 लाख 55 हजार, असे करत सहा वर्षांनी वहीत सुमारे साडेसात लाख शिल्लक दिसतात. दोन पाळ्यांत राबलेल्या त्या लेथला बाजारात 2 लाख आले, तर? प्राप्तिकरात एकाच दराची यंत्रे एका गटात धरली जातात. त्या गटात इतर यंत्रे असतील, तर उरलेले साडेपाच लाख त्या वर्षी तोटा म्हणून दाखवता येत नाहीत. ते गटातच राहून 15 टक्क्यांनी कमी होत जातात. यात कर खात्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला कर मोजायचा असतो, तुमचे लेथ नव्हे.

म्हणून मालकाचा तक्ता वेगळा हवा. किंमत 20 लाख, आयुष्य सहा वर्षे, शेवटी येणारे 2 लाख. वर्षाला 3 लाख, महिन्याला 25 हजार. महिन्याला 250 तास काम असेल, तर तासाला 100 रुपये. हे 100 रुपये दरात नसतील, तर तेवढी सूट तुम्ही गिऱ्हाइकाला न मागता देत आहात.

आयुष्य आधी कसे कळणार, हा आक्षेप मात्र रास्त आहे. नेमके कळत नाहीच. अंदाज धरावा आणि दरवर्षी सुधारावा. काही वेळा तर मर्यादा आधीच ठरलेली असते. बेस्टची नेहमीच्या सेवेतली शेवटची डिझेल डबलडेकर 15 सप्टेंबर 2023 ला अंधेरी पूर्वेत आगरकर चौक ते सीप्झ धावली. 15 वर्षांची मर्यादा आधीपासून ठाऊक होती, म्हणून ती कधी काढावी लागणार हेही ठाऊक होते. 26 जुलै 2005 सारखा पूर तक्त्यात बसत नाही, कबूल. त्यासाठी विमा आहे.

आणखी एक चलाखी: यंदा नफा कमी, तर घसारा दाखवायचा नाही, पुढे वापरू. प्राप्तिकरात हे चालत नाही. तुम्ही मागा वा न मागा, तो दिला असे धरूनच पुढची किंमत काढली जाते.

तेव्हा मार्चची वाट पाहू नका. मशीन सुरू होईल त्याच दिवशी बिल आणि तारीख नोंदवा. पहिल्या वर्षात वापर 180 दिवसांपेक्षा कमी भरला, तर घसारा निम्माच मिळतो. जीएसटीचे इनपुट क्रेडिट घेतले असेल, तर तो कर किमतीतून वगळा. करासाठीचा तक्ता सीएंनी खुशाल करावा. दुसरा तुम्ही करा, आणि पुढचे कोटेशन देण्याआधी तो उघडा.