मास्क दिलाय ना!

पवईतल्या जराशा जुन्या झालेल्या कुठल्याही इमारतीत बाराही महिने कुणाच्या ना कुणाच्या फ्लॅटचं 'इंटिरियर' चालू असतं. आमचीही इमारत त्याला अपवाद नाही. काम काढायचं तर सोसायटीचा दोन पानी फॉर्म भरावा लागतो. कमिटीवर असताना मी तो कितीदा तरी तपासला. अनामत रक्कम, कामाची वेळ, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, लिफ्टला आतून प्लायवूड, तोडफोडीचं रॅबिट गोणीत भरूनच खाली. रहिवाशांच्या वामकुक्षीची काळजी त्यात आहे, लिफ्टच्या आरशाची आहे. दारं-खिडक्या लावून दिवसभर ग्राइंडर चालवणाऱ्याच्या फुफ्फुसाबद्दल मात्र एक ओळ नाही. (खिडक्या का लावायच्या? शेजाऱ्यांकडे धूळ जाऊ नये म्हणून. तोही नियम फॉर्ममध्ये आहे.)

एक ओळ घाला, असं मी सभेत सुचवलं. त्यावर जी उत्तरं आली ती सगळी सज्जन माणसांची होती, म्हणूनच त्यांचा समाचार घेणं भाग आहे.

पहिलं उत्तर अर्थातच, 'मास्क दिलाय ना!' कापडी किंवा निळा, सर्जिकल. दहापर्यंत नाकावर, अकरानंतर हनुवटीवर. पण समजा, तो दिवसभर नाकावर राहिला. जी धूळ आपल्याला दिसते, फर्निचरवर बसते, ती फारशी घातक नसते. ती नाकातच अडते. घात करते ती साधारण चार मायक्रॉनच्या आतली धूळ. ती डोळ्याला दिसत नाही, तासन्‌तास हवेत तरंगते आणि सैल मास्कच्या कडेने आरामात आत शिरते.

किती धूळ म्हणजे जास्त? अमेरिकेने 2016 मध्ये दगडाच्या धुळीतल्या स्फटिकी सिलिकासाठी आठ तासांच्या सरासरीची जी मर्यादा ठरवली, ती घनमीटरमागे 0.05 मिलिग्रॅम आहे. आता आपली दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची बेडरूम घ्या. ती भरते सुमारे 32 घनमीटर. म्हणजे अख्ख्या खोलीत मिळून 1.6 मिलिग्रॅम. बारीक मिठाचे पंचवीस-तीस दाणे चिमटीत घ्या. तेवढ्या वजनाची बारीक सिलिका खोलीत सतत तरंगत राहिली की मर्यादा गाठली. एक फरशी कोरडी कापताना किती ढग उठतो, ते ज्याने पाहिलंय त्याला पुढचा हिशेब सांगायला नको.

मास्क हा उपाय आहे, पण रांगेतला शेवटचा. आधी घातक वस्तू टाळायची, मग बदलायची, मग धूळ उठते तिथेच तिला दाबायची किंवा ओढून घ्यायची. एवढं करून जे उरेल त्याच्यासाठी मास्क. आपण रांग उलटी धरली, कारण पहिल्या तीन पायऱ्यांवर खर्च मालकाचा असतो आणि चौथीवर घाम कामगाराचा.

दुसरं उत्तर अधिक गोड आहे. 'अहो, त्यांना सवय असते. आमचा मेस्त्री वीस वर्षं हेच करतोय, ठणठणीत आहे.' या वीस वर्षांचं उत्तर आपल्या शेजारच्याच घाटकोपरात मिळतं. तिथल्या हिंदुस्तान कॉम्पोझिट्स या कारखान्यात ॲस्बेस्टॉस वापरलं जाई. डॉ. मुरलीधर व्ही. आणि विजय कान्हेरे यांनी तिथल्या 232 कायम कामगारांपैकी 181 जणांची तपासणी केली. 41 जणांना ॲस्बेस्टॉसिस, म्हणजे त्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, निघाला. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधातली मला सर्वांत बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. देशात अंदाजे एक लाख कामगार ॲस्बेस्टॉसच्या संपर्कात असताना भरपाई मिळालेले तीसही नाहीत, आणि त्याचं एक कारण असं की डॉक्टरच या आजाराला जुनाट ब्रॉन्कायटिस किंवा टीबी म्हणून मोकळे होतात.

हे कायम कामगार होते. हजेरीपटावर नाव होतं, युनियन होती, म्हणून निदान शोधता तरी आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 1995 मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी किमान 40 वर्षं जपायला सांगितलं, कारण धूळ आज खाल्ली तर आजार वीस-तीस वर्षांनी वर येतो. आता आपला फरशीवाला. तीन आठवडे तुमच्याकडे, पुढचे तीन चांदिवलीत, मग गावी. सिलिकाच्या धुळीने सिलिकोसिस झालेल्याला टीबी लवकर गाठतो. गावच्या दवाखान्यात त्याच्या केसपेपरवर टीबीच लिहिलं जाणार. 'काही झालं नाही' याचा खरा अर्थ 'आपल्याला कळलं नाही' एवढाच.

तिसरं उत्तर वकिली होतं आणि निम्मं बरोबर होतं. 'हे कारखान्यांचे नियम, घराला लागू नाहीत.' कबूल. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर 1987 साली कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांचं स्वतंत्र प्रकरण आलं आणि हवेतल्या पदार्थांच्या कमाल मर्यादांची अनुसूची जोडली गेली. बांधकाम मजुरांसाठी 1996 चा कायदा झाला, पण त्यात दहा मजुरांची अट होती आणि स्वतःच्या घराचं 10 लाखांपर्यंतचं काम वगळलेलं होतं. 2020 च्या संहितेनेही दहाचा आकडा ठेवला. फ्लॅटमध्ये एका वेळी माणसं चार असतात. पण आपल्या फॉर्ममधली दुपारची शांतता तरी कुठल्या कायद्याने सक्तीची केली होती? ती आपणच ठरवली. जे आपल्या झोपेसाठी जमलं, ते दुसऱ्याच्या श्वासासाठी कायद्यावाचून अडतं, हा युक्तिवाद मला समजत नाही.

उरला शेवटचा आक्षेप, 'मोजणार कोण?' रीतसर मोजायचं तर कामगाराच्या कॉलरला छोटा पंप लावतात, दिवसभराची हवा गाळणीतून ओढतात आणि त्या गाळणीवरची सिलिका प्रयोगशाळेत तपासतात. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेत हेच शास्त्र चालतं. प्रत्येक बेडरूममध्ये ते शक्य नाही आणि आवश्यकही नाही. अमेरिकेच्या त्याच नियमात बांधकामासाठी एक तक्ता आहे: अमुक यंत्र, तमुक पद्धतीने वापरा, पाण्याची धार सुरू ठेवा, तेवढं काटेकोर पाळलंत तर मोजणी माफ.

धोका अजमावायला आधी वस्तू ओळखायची असते. ज्या पवईच्या खाणींनी मुंबईला काळा दगड दिला, त्या बेसॉल्टमध्ये मोकळं क्वार्ट्झ, म्हणजे तीच स्फटिकी सिलिका, अगदी थोडं असतं. ग्रॅनाइटमध्ये ते तीस टक्क्यांच्या आसपास भरतं. आणि सध्या ज्याची फॅशन आहे तो किचनचा कृत्रिम क्वार्ट्झ टॉप? त्यात नव्वद टक्क्यांहूनही जास्त असू शकतं. कारखाने अधिनियमाच्या त्या अनुसूचीतलं सूत्र लावलं, म्हणजे दहाला क्वार्ट्झच्या टक्क्यांत दोन मिळवून भागलं, तर ग्रॅनाइटच्या बारीक धुळीला घनमीटरमागे 0.31 मिलिग्रॅमपर्यंत मुभा मिळते आणि या टॉपच्या धुळीला जेमतेम 0.11. ऑस्ट्रेलियाने 1 जुलै 2024 पासून हा कृत्रिम दगड बंदच केला. आपण तो ब्रोशरमध्ये बघून पसंत करतो.

तेव्हा माझी ओळ अशी आहे: दगड आणि टॉप मापानुसार दुकानातूनच कापून आणावेत, फ्लॅटमध्ये कापणं अटळ असेल तर पाण्याची जोड किंवा धूळ ओढणारा व्हॅक्यूम असलेलंच यंत्र, कोरडा झाडू बंद, आणि याच्या जोडीला, याच्याऐवजी नव्हे, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95. पाण्याने खालच्या मजल्यावर गळती होईल, ही तक्रार खरी आहे. म्हणूनच व्हॅक्यूमचा पर्याय. पाणी आणि वीज एकत्र आली की शॉकचं भय असतं, हेही खरं. कटरच्या लाइनवर शॉक लागताच वीज तोडणारा ईएलसीबी हवाच. पण यातली एकही अडचण लिफ्टला प्लायवूड मारण्यापेक्षा फार अवघड नाही.

सोसायट्यांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होतात. तुमच्या सोसायटीचा फॉर्म एकदा काढून वाचा, आणि ही ओळ विषयपत्रिकेवर घ्यावी म्हणून सेक्रेटरींना आजच पत्र द्या.