कादंबरीचा पहिला खर्डा : रोज एक पान

शिरोड्याहून एका ताईंचे पत्र आले आहे. त्या काजूच्या कारखान्यात कामाला जातात. आईच्या आयुष्यावर कादंबरी लिहायला घेतली; तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा चाळीसएक पानांवर वही बंद पडली. आई आता थकली आहे, तिच्या हयातीत लिहून होईल काय, असे त्या विचारतात.

ताई, होईल. मात्र 'सवड मिळाली की लिहीन' हे आधी सोडावे लागेल. कष्टकऱ्याच्या घरी सवड आपणहून येत नाही.

तुमच्याच गावचा दाखला घ्या. वि. स. खांडेकर १९२० साली शिरोड्याच्या शाळेत शिक्षक म्हणून आले आणि १९३८ पर्यंत तिथे राहिले. 'हृदयाची हाक' ही त्यांची पहिली कादंबरी १९३० ची. शिरोड्यात मिठाचा सत्याग्रह झाला तेच साल. पुढे शाळा सांभाळूनच 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' आल्या. प्रकृती नाजूक, नजर अधू. उतारवयात दृष्टी गेली तेव्हा ते सांगत आणि दुसरे उतरवून घेत. अर्थात ते गावात मान असलेले गुरुजी होते. चूल आणि पाणी त्यांच्या वाट्याला नव्हते, हेही लक्षात ठेवायला हवे.

म्हणून फलटणच्या बेबीताई कांबळे आपल्याला अधिक जवळच्या. 'जिणं आमुचं' हे आत्मकथन आहे, कादंबरी नव्हे. पण लिहिण्याची रीत पाहा. किराणा दुकानात बसल्या बसल्या, गिऱ्हाईक नसेल तेवढ्यात त्या लिहीत. घरच्यांच्या धाकाने वह्या सुमारे वीस वर्षे लपवून ठेवल्या. पुस्तक निघाले १९८६ साली. वीस वर्षे! आपल्या घरातल्या लिहिणारीला वही लपवावी लागू नये, एवढे तरी पुरुषांनी पाहावे. पहाटेचे पाणी आणि चहा त्यांनी केला तर अर्धा-पाऊण तास सुटतो. एका पानाला तेवढा पुरतो.

आता हिशेब. एका पानावर दोनशे शब्द धरा आणि आठवड्याचे सहा दिवस. दोनशे पानांना चौतीस आठवडे लागतात. धम्मचक्र प्रवर्तन दिनी, १४ ऑक्टोबरला वही उघडली तर मृगाच्या पावसाला खर्डा हातात येतो. एखादा दिवस बुडाला तर दुसऱ्या दिवशी दोन पानांचा हट्ट नको, एकच लिहावे. दुप्पट काम अंगावर घेतले की तिसऱ्या दिवशी वहीकडे बघवत नाही.

चाळीस पानांवर वही का थांबते? बहुतेकांचे असे होते की मागचे वाचायला बसतात, ते कच्चे वाटते, मग खाडाखोड आणि शेवटी फाडणे. पहिला खर्डा कच्चाच असतो. लिहिताना डावे पान कोरे सोडा. काही सुचले तर तिथे एका ओळीत टिपा आणि पुढे चला. फक्त कालच्या पानाची शेवटची दोन-चार वाक्ये वाचून सुरुवात करावी. उठण्यापूर्वी उद्या काय लिहायचे ते खाली टाकून ठेवावे : 'आई मुंबईच्या बोटीत चढते', बस एवढेच. पहाटे डोके खाजवावे लागत नाही.

आणि आईच्या तोंडी मालवणीच येऊ द्या. पुस्तकी बोली घातली की तुमचे लिहिणेच अडेल, शब्द शोधण्यातच पान संपेल. संध्याकाळी तिच्यापाशी बसून एखादी गजाल ऐकावी, सकाळी ती कागदावर. सालाचा मेळ बसला नाही तर जागा मोकळी सोडा.

खर्डा पुरा झाला की महिनाभर ट्रंकेत ठेवावा, लगेच कुणाला दाखवू नये. तुमच्याकडे पावसात कागद दमट होतो आणि वाळवीही लागते. वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधाव्यात आणि ट्रंक जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावी.