तीन दिवसांची संस्कृती

मागे जोडून तीन सुट्ट्या आल्या तेव्हा मुलाने मला मुंबईला नेले. शनिवारी वस्तुसंग्रहालय आणि जहांगीर आर्ट गॅलरी, रविवारी घारापुरीची लेणी, त्याच संध्याकाळी गाण्याची मैफल. सोमवारी रात्री परतीची गाडी. दिवसभर पायऱ्या चढउतार केलेला माणूस विलंबित ख्याल काय ऐकणार? मला डुलकी लागली आणि नातवाने त्याचा फोटो काढला. असो.

परत आल्यावर शेजारी म्हणाले, "मजा आहे गुरुजी तुमची! आपल्या यावलमध्ये काय ठेवलंय?"

माझे भांडण या वाक्याशी आहे.

1844 मध्ये कंपनी सरकारने रॉबर्ट गिल नावाच्या अधिकाऱ्याला अजिंठ्याची चित्रे उतरवून घ्यायला पाठवले. त्याच्या बहुतेक प्रती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येऊ लागला. म्हणजे मुंबईची पोरे चित्र शिकायला आमच्या बाजूला येत होती! गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर भुसावळला आहे, यावलहून तासाभराच्या आत. चाळीसगावला केकी मूस यांनी स्टेशनजवळच्या घरात आयुष्य काढून छायाचित्रे, शिल्पे केली. तिथे आपल्यापैकी किती जण गेले?

पण नुसता अभिमान पुरत नाही, हेही कबूल केले पाहिजे. जहांगीरमध्ये तिकीट नव्हते. एक जलरंगवाले चित्रकार स्वतः खुर्ची टाकून बसले होते. नातवाने विचारले, "हे पाणी ओलं कसं दिसतं?" त्यांनी पाच मिनिटे समजावून सांगितले. मला मात्र माझे विद्यार्थी आठवले. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेली, चांगल्या श्रेणी मिळवलेली पोरे. त्यांतल्या बहुतेकांनी खरे, हाताने रंगवलेले चित्र जन्मात पाहिले नव्हते. कॅलेंडर पाहून चित्रकला शिकली ती.

ज्यांच्या बापाला तिघांचे रेल्वेभाडे आणि मुंबईतली राहण्याची सोय परवडते त्यांनीच चित्र पाहावे, असा नियम कोणी केला? वीस चित्रे आणि एक चित्रकार तालुक्याच्या शाळेत आठ दिवस आले तर काय बिघडेल? आमच्याकडून केळीचे ट्रक थेट दिल्लीकडे जातात, रस्ता काही एकेरी नाही.

"खेड्यात श्रोते कुठे मिळतात?" हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा हरिनाम सप्ताहाला यावे. माणसे भुईवर बसून मध्यरात्रीपर्यंत कीर्तन ऐकतात, आणि टाळकऱ्याचा ठेका चुकला तर मागच्या रांगेतली म्हातारीसुद्धा मान हलवते. जळगावचा बालगंधर्व संगीत महोत्सवही काही मुंबईच्या श्रोत्यांवर चालत नाही.

दोष फक्त सरकारचा नाही. लग्नातल्या डीजेला पैसे मोजताना आपला हात आखडत नाही. शाळेतल्या चित्रकला शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर मात्र पालकसभेत एकही हात वर होत नाही. मी स्वतः अशा सभांत बसलो आहे, आणि गणिताच्या जादा तासांवर बोलून घरी आलो आहे.

दिवाळीच्या सुट्टीत नातू येणार आहे. त्याला आधी भुसावळला गिलच्या कबरीपाशी नेईन, दुसऱ्या दिवशी अजिंठ्याला. एका दिवशी एकच लेणे, आणि सोबत रंगपेटी. शेजाऱ्यांच्या मुलीलाही घेऊन जाणार आहे, तिच्या वडिलांना विचारून ठेवले आहे.