मौनाचे गुण

गेल्या हिवाळ्यांत आम्ही मुलीकडे न्यू जर्सीस राहिलों होतों. तेथें सायंकाळीं दूरदर्शनावर 'जेपर्डी' नांवाचा प्रश्नोत्तरांचा खेळ लागतो. 1964 सालीं सुरू झालेला हा खेळ उफराटा आहे: सूत्रधार उत्तर सांगतो, खेळणारानें त्याचा प्रश्न करून दाखवावयाचा. सहा विषय, प्रत्येक विषयाच्या पांच सूचना, अशा दोन फेऱ्या. पहिल्या फेरींत 200 ते 1,000 डॉलर, दुसरींत दुप्पट.

आमची नात शेजारीं संगणकावर स्प्रेडशीट उघडून बसे. साठ सूचनांच्या साठ ओळी; बरोबर आल्यास 1, चुकल्यास उणें 1, गप्प राहिल्यास 0. त्या आंकड्यास किंमतीनें गुणून बेरीज यंत्र आपणच मांडी. ही रीत 1996 सालीं या खेळांत उतरलेल्या कार्ल कोर्याट यांच्या नांवानें ओळखली जाते. तींत पैजेची रक्कम धरीत नाहींत, शेवटचा प्रश्नही नाहीं. 'डेली डबल' बरोबर आल्यास मूळची किंमत मिळते, चुकल्यास वजा कांहीं होत नाहीं. सगळें साधलें तर 54,000.

पहिल्या दिवशीं आम्हांस मिळाले उणें 5,200.

वाचकहो, हंसूं नका. पांच बरोबर, अकरा चूक! बेसबॉलचे खेळाडू काय, तेथील नद्या काय, सुचेल तें आम्ही ठोकून दिलें. जन्मभर वर्गापुढें उभे राहिलेल्यास 'ठाऊक नाहीं' म्हणण्याची संवय कोठून असणार? नात म्हणाली, "आजोबा, येत नसेल तर गप्प बसा ना! शून्याला कांहीं वजा होत नाहीं."

त्या रात्रीं झोंप लागेना. आमच्या वर्गांत गप्प राहणाऱ्यास आम्ही बांकावर उभें करीत असूं. भलतेंच सांगणाऱ्यास मात्र 'निदान प्रयत्न तरी केलास' म्हणून खालीं बसवीत असूं. एक मुलगा वर्षभर बहुधा उभाच असे. विचारलें कीं म्हणे, "गुरुजी, नक्की ठाऊक नाहीं." त्याच्या उत्तरपत्रिकेंत कोऱ्या जागा पुष्कळ, पण चुकीचें उत्तर क्वचितच सांपडे. हें तेव्हां आमच्या डोळ्यांपुढें होतें, तरी प्रगतिपुस्तकावर आम्हीं 'मंद' असा शेरा मारला. तें पुस्तक त्याच्या वडिलांनीं सही करून परत पाठविलें होतें.

निघण्याच्या आदल्या दिवशीं 9 बरोबर, 2 चूक, 49 वेळां मौन, बेरीज 5,600. चुकलेल्यांपैकीं एक ग्रीक पुराणांतला होता. तो आम्हांस येत होता, असें अजूनही वाटतें. पण नात कांहीं केल्या रकाना बदलूं देईना.