कुऱ्हाड पडल्यानंतर

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका लाकूड डेपोत मागच्या आठवड्यात लिलावाआधीचा माल बघत हिंडत होतो. सागाचे ओंडके थप्प्या लावून ठेवलेले, प्रत्येकाच्या तोंडावर हातोड्याचा शिक्का. एका जाड ओंडक्यासमोर उकिडवा बसून वर्तुळं मोजू लागलो. गाभ्याजवळची ऐसपैस, सालीकडची बेताची. पण मध्येच चार-पाच इतकी दाटीची की नख घालायला जागा नाही. शेजारी उभा असलेला मापारी म्हणाला, "दुष्काळ व्हय तो, भाऊ."

तो हवेत बोलत नव्हता. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या जुन्या सागांची वर्तुळं मोजून थेट १४८१ पासूनच्या पावसाचा माग काढला आहे. एल निनोच्या कोरड्या वर्षांत सागाचं वर्तुळ बारीक होतं. अर्थात बारीक वर्तुळ दिसलं की दुष्काळच, असंही नाही. पानं खाणाऱ्या अळीनं ऐन पावसाळ्यात झाड बोडकं केलं तरी हीच खूण उरते.

वर्तुळ म्हणजे झाडाची त्या वर्षीची शिल्लक. सुक्या लाकडाच्या वजनात साधारण निम्मा कार्बन असतो. घनमीटरभर सुकं सागवान सहाशे किलोच्या आसपास भरतं, म्हणजे कार्बन तीनशे किलो. तेवढ्यासाठी झाडानं हवेतून सुमारे १,१०० किलो कार्बन डायऑक्साइड ओढलेला असतो. पाऊस दगा देतो तेव्हा पानांवरची रंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बनची आवकही थांबते आणि श्वसनाचा खर्च मात्र चालूच राहतो. साग यावर पानं गाळून मोकळा होतो. मार्चमध्ये त्याच्या खाली पापडासारख्या पानांचा थर असतो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला कुणी पेटवतो, वारा सुटतो, आणि दुष्काळानं न नेलेलं वणवा नेतो.

आपण मात्र हिशेब करतो रोपांचा. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. भारतीय वन सर्वेक्षणाचा २०२३ चा अहवाल देशातल्या जंगलांत सुमारे ७२८ कोटी टन कार्बन असल्याचं सांगतो, आणि त्यातला निम्म्याहून जास्त मातीत आहे. मातीपुढे उभं राहून फोटो काढता येत नाही, ही तिची अडचण.

आता ज्यामुळे काही मित्र रागावतील ते लिहितो. कुऱ्हाड म्हटली की पाप, हे मला पटत नाही. २०२३ मध्ये बल्लारपूरहून सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेलं. ते लाकूड नीट राखलं तर त्यातला कार्बन शतकभर दारातच राहील. बांबूचा कागद झाला तर मात्र तोच कार्बन रद्दीवाटे काही वर्षांत परत हवेत. तेव्हा लाकूड कुठे गेलं हे बघावं लागतं, आणि त्याहून जास्त, ते जिथून आलं तिथे काय उरलं हे.

सागाचा खुंट जमिनीलगत नीट कापला आणि मुळं जिवंत राहिली, तर पहिल्या सरींबरोबर त्याला धुमारे फुटतात. जुन्या मुळांचं बळ असल्यानं ते रोपापेक्षा झपाट्यानं वाढतात. पण अख्खा कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा, साफ करून फांद्या-पाला जाळला, तर मे महिन्याचं ऊन उघड्या मातीवर पडतं. मातीतला पाला कुजण्याचा वेग वाढतो, उरलेलं पहिला वळीव ओढ्यात घेऊन जातो. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या वनविकास महामंडळानं विदर्भात ऐन, बिजा, धावड्याचं मिश्र जंगल तोडून सलग साग लावला. सागवान मिळालं, नाही असं नाही. पण ज्या रानात एक झाड पानं गाळत असताना दुसरं सावली धरून होतं, तिथे आता सगळेच एकदम उघडे होतात. माझ्या मते हा तोटा अजून कुठल्याच वहीत चढलेला नाही.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबू विकायचा परवानाही. बांबूच्या बेटात कोवळे कोंब आणि वर्षाचा बांबू राखून जुना तेवढा काढला, तर बेट मरत नाही. हे गावाला शिकवावं लागत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याच बेटाशी त्याला जायचं असतं.

निघताना मापाऱ्याला विचारलं, हा ओंडका कुठल्या कूपातला? त्यानं यादी चाळून नंबर सांगितला.

"आता काय आहे तिथे?"

त्यानं यादीची दुसरी बाजू उलटून पाहिली. कोरी होती. "ते आपल्याकडं नसते, भाऊ. आपल्याकडं नुसता माल येते."

– रानवाट्या