आवळा आणि गोळी



‘आवळ्यातले क जीवनसत्त्व सजीव, गोळीतले निर्जीव’ हे एका पत्रलेखकाचे म्हणणे पटत नाही. दोन्हीकडे रेणू एकच आहे: सहा कार्बन, आठ हायड्रोजन, सहा ऑक्सिजन. १८२८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ व्होलरने प्रयोगशाळेत युरिया बनवला, तेव्हाच सेंद्रिय पदार्थांना ‘प्राणशक्ती’ लागते या समजुतीला तडा गेला. घटक तेच असले तरी रेणूची डावी-उजवी ठेवण वेगळी असू शकते, हा आक्षेप रास्त आहे. पण क जीवनसत्त्व बनवण्याच्या १९३०च्या दशकातल्या राइखश्टाइन पद्धतीत सुरुवात ग्लुकोजपासून होते, मधला एक टप्पा जिवाणूच पार पाडतात (‘सजीव’वाल्यांना एवढे तरी चालावे!) आणि हाती येते ते आवळ्यातलेच रूप. आवळ्यात तंतू आणि टॅनिनही असतात, हे खरे. त्यांच्यासाठी आवळा जरूर खावा. त्यांचे श्रेय क जीवनसत्त्वाच्या खात्यावर मांडू नये.

— एक वाचक