तीव्र आम्ल आणि संहत आम्ल

आम्लाची तीव्रता आणि संहती या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. संहती म्हणजे ठरावीक आकारमानाच्या द्रावणात किती आम्ल विरघळले आहे. पाणी घातले की ती बदलते. तीव्रता मात्र आम्लाच्या घडणीत असते. पाण्यात त्याच्या किती रेणूंचे विचरण होऊन हायड्रोजन आयन सुटतात, यावर ती ठरते. स्वान्ते अऱ्हेनियसने 1884 मध्ये मांडलेल्या आयनांच्या विचारात या फरकाचे मूळ आहे.

0.1 मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचे विचरण जवळजवळ पूर्ण होते आणि सामू 1 येतो. तितक्याच संहतीच्या ॲसेटिक आम्लात शंभरातील एखाद-दुसराच रेणू विचरित होतो, सामू 2.9 च्या आसपास राहतो. तरीही समान आकारमानाच्या या दोन्ही द्रावणांच्या उदासिनीकरणाला सोडियम हायड्रॉक्साइड सारखेच लागते, कारण आयन वापरले जातील तसे उरलेले रेणू विचरित होत जातात. वर्गात हा प्रयोग करून दाखवायलाच हवा. नुसत्या व्याख्येने फरक मनात ठसत नाही.

ॲसेटिक आम्लासारखे कमी विचरित होणारे आम्ल म्हणजे सौम्य आम्ल. पण सौम्य म्हणजे निरुपद्रवी, हा समज तर घातकच. जवळजवळ निर्जल ॲसेटिक आम्ल सौम्य असूनही त्वचा भाजते. हायड्रोफ्लोरिक आम्लही सौम्य गटातलेच, पण ते त्वचेतून आत शिरते आणि त्यातील फ्लोराइड शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. प्रयोगशाळेतील बाटलीवर म्हणून आम्लाचे नाव आणि संहती दोन्ही लिहिलेली असावी लागतात.